बाटलीतला वाफसा

मटकीला मोड पाण्यात येत नाहीत. रात्रभर भिजली की सकाळी ती उपसावी लागते, पाणी पुरतं निथळू द्यावं लागतं, आणि ओलसर फडक्यात सैल बांधून ठेवली की दुसऱ्या दिवशी पांढरे टपोरे मोड फडक्याच्या विणीतून बाहेर येतात. तीच मटकी पातेल्यात पाण्याखाली दोन दिवस राहिली तर वर फेस धरतो, आंबूस वास सुटतो आणि दाणा मरतो. हे आपल्याकडे घरोघरी ठाऊक आहे. दाण्याला पाणी हवं असतं ते जागं होण्यापुरतं. जागा झाला की त्याला श्वास लागतो.

घरात पाण्यावर झाडं वाढवण्याविषयी मला जे सांगायचं आहे, ते सगळं त्या फडक्याच्या पुरचुंडीत आहे. ती सावकाश सोडून पाहू.

मनीप्लांटची फांदी कधीच बाटलीत खोचली नाही, असं घर विरळा. कुठे ती दहा-दहा वर्षं स्वयंपाकघराच्या खिडकीत सुखाने राहते, गजांवर चढते, कपाटाला वळसा घालून भिंतीवरच्या घड्याळापर्यंत जाते. कुठे तीच फांदी महिन्याभरात पिवळी पडते, पाणी गढूळ होतं, देठ बुळबुळीत होतो. लोक याला हातगुण म्हणतात. मला ते पटत नाही, कारण माझ्याच हातून, माझ्याच घरात, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडल्या आहेत. वाईच्या घरच्या वेलाच्या दोन फांद्या मी पुण्याला आणल्या होत्या. एक लोणच्याच्या रुंद तोंडाच्या बरणीत ठेवली. तोंडावर दोन काड्या आडव्या टाकून तिला आधार दिला आणि पाणी निम्मंच भरलं. दुसरी सरबताच्या अरुंद बाटलीत, पाणी पार गळ्यापर्यंत. नळ एकच, खिडकी एकच. मे महिन्यात बाटलीतल्या फांदीने मान टाकायला सुरुवात केली. पानं मलूल दिसली की आपला हात आपोआप पाण्याच्या तांब्याकडे जातो. मीही रोज थोडं थोडं घालून बाटली भरलेली राहील याची काळजी घेतली. पंधरा दिवसांत फांदी गेली. बाहेर काढून पाहिली तर मुळं काळी पडलेली; बोटांत धरली की साल सुटून यायची आणि आतला दोरा तेवढा हातात उरायचा. शेजारच्या बरणीत मात्र पाण्याच्या वरच्या मोकळ्या, दमट जागेतसुद्धा मुळांचे पांढरे तुरे फुटले होते.

भरल्या बाटलीतली फांदी तहानेने मेली होती. हे म्हणणं विचित्र वाटेल, पण ते अक्षरशः खरं आहे, आणि ते नीट समजलं की बाकी सगळं आपोआप समजतं.

मूळ म्हणजे नुसती शोषनळी नाही. ते जिवंत पेशींचं बनलेलं असतं, आणि त्या पेशींना खायला लागतं. पानं उजेडात साखर तयार करतात, ती देठातून खाली उतरते, आणि मूळ ती साखर प्राणवायूच्या मदतीने जाळून शक्ती मिळवतं. त्या शक्तीवर ते क्षार आत ओढतं, टोक पुढे वाढवतं, पाण्याची वाट मोकळी ठेवतं. प्राणवायू संपला म्हणून मूळ लगेच मरत नाही. ते आंबवण्याच्या मार्गाला लागतं, पातेल्यातल्या मटकीसारखं. त्या मार्गाने तेवढ्याच साखरेतून जेमतेम पंधरावा-विसावा हिस्सा शक्ती मिळते, आणि पेशीत मद्यार्क व आम्लं साठत जातात. आम्लता वाढली की पेशीच्या आवरणात पाणी ये-जा करण्याची जी सूक्ष्म दारं असतात ती मिटतात. बाहेर बाटलीभर पाणी, आणि आत जाणारी वाट बंद. वर पानं सुकल्यासारखी दिसतात. आपण आणखी पाणी घालतो आणि उरलेली हवाही संपवतो.

थोडे आकडे इथे कामाचे आहेत. एक लिटर हवेत साधारण २७० मिलिग्रॅम प्राणवायू असतो. एक लिटर पाण्यात, २५ अंश तापमानाला, तो जास्तीत जास्त ८ मिलिग्रॅमच्या आसपास विरघळतो. म्हणजे हवेतल्या ऐश्वर्याचा तिसावा हिस्सा. शिवाय प्राणवायू स्थिर पाण्यातून जितक्या वेगाने पसरतो, त्याच्या सुमारे दहा हजार पट वेगाने हवेतून पसरतो. बाटलीच्या तोंडाशी विरघळलेला वायू तळाशी पोचेपर्यंत तिथली मुळं आणि जिवाणू कधीचे उपाशी बसलेले असतात. बाटलीचं तोंड रुपयाच्या नाण्याएवढं असेल तर तळाची सगळी मुळं त्या नाण्याएवढ्या खिडकीतून श्वास घेत असतात. आता उन्हाळा धरा. पाणी १० अंशांचं असेल तर त्यात ११ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. ३५ अंशांचं झालं की ७. नेमकं त्याच वेळी, उष्म्याने, मुळांचा श्वास वाढलेला असतो. मागणी वाढते आणि साठा आटतो. माझी फांदी मे महिन्यात गेली, त्यात नवल काहीच नव्हतं.

मराठी शेतकऱ्याजवळ या साऱ्या प्रकरणासाठी एक शब्द फार पूर्वीपासून आहे: वाफसा. चांगला पाऊस झाला म्हणून कोणी दुसऱ्या क्षणी तिफण जुंपत नाही. रान चिखलात असतं. भारी काळ्या रानात आठ-आठ दिवस थांबावं लागतं, मुरमाड रान दोन दिवसांत मोकळं होतं. मूठभर माती उचलून तिचा लाडू वळतात आणि तो हातातून खाली सोडतात. पडल्यावर भुगा झाला तर वाफसा आला, चिकटून बसला तर अजून नाही. ही परीक्षा ओलीची आहे असं वाटतं, पण ओल तर चिखलातही असते, उलट जास्तच असते. खरी परीक्षा हवेची आहे. मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांतलं जास्तीचं पाणी खाली उतरून तिथे हवा शिरली का, एवढंच तो लाडू सांगतो. अमरावती जिल्ह्यातल्या बेलोऱ्याच्या सुभाष पाळेकरांनी आपल्या नैसर्गिक शेतीचे जे चार आधार सांगितले त्यांत बीजामृत, जीवामृत आणि आच्छादन यांच्या पंगतीला वाफसा आहे. म्हणजे बी, खत आणि पांघरूण यांच्याइतकंच मोल त्यांनी मातीतल्या हवेला दिलं. सातारा भागात आलं लावणारा शेतकरी पावसाळ्यात चर काढत रानभर फिरतो तो याच भयाने. पाणी तुंबलं की कंदकूज लागते, आणि ती लावणाऱ्या बुरशीसारख्या जिवाचे बीजाणू पाण्यातून चक्क पोहत येतात. श्वास कोंडलेलं मूळ त्यांना सहज सापडतं.

मातीत वाफसा निसर्ग आणतो, जड पाणी आपोआप खाली जातं. बाटलीला तळ आहे. तिथून पाणी खाली जाणार नाही, तिथला वाफसा आपणच आणायचा आणि आपणच टिकवायचा. पाण्यावर झाड वाढवणं म्हणतात ते एवढंच आहे. त्यात पाणी पुरवणं हा अगदी सोपा भाग, ते एकदा ओतलं की झालं. उरलेलं सगळं कौशल्य हवेचं.

आपल्या घरात हे कौशल्य वर्षातून एकदा फार सुंदर रीतीने दिसतं. नवरात्रात पत्रावळीवर माती पसरून तीत धान्य पेरतात आणि मधोमध पाण्याने भरलेला मातीचा घट ठेवतात. पाणी वरून धो धो कोणी ओतत नाही. मातीच्या मडक्याच्या अंगातून ते पाझरत राहतं, माती ओली होते पण बुडत नाही, आणि नवव्या दिवशी वीतभर पिवळे-हिरवे कोंब उभे असतात. घट चांगला पाझरणारा असावा म्हणून कुंभाराकडे निवडून घेणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. त्या वाफसा निवडत होत्या.

आता एक शंका रास्त आहे. भात तर गुडघाभर पाण्यात उभा असतो. कमळ तळ्यात जन्म काढतं. त्यांची मुळं का कुजत नाहीत? कारण त्यांनी हवा आपल्या अंगातून खाली नेण्याची सोय केलेली आहे. उल्हासनगरच्या सिंधी बाजारात कमळकाकडी मिळते. तिची चकती कापली की आतली गोल भोकं दिसतात. ती भोकं म्हणजे हवेचे बोगदे. पानाने घेतलेली हवा देठातून, त्या बोगद्यांतून, चिखलातल्या कंदापर्यंत पोचते. भाताच्या मुळातही तशाच बारीक पोकळ्या असतात. खाडीकाठी गेलात तर याहून ठळक दाखला दिसेल. २०२० साली महाराष्ट्राने पांढऱ्या चिप्पीला राज्याचा कांदळवृक्ष म्हणून मान दिला. तिच्या आणि तिवराच्या भोवती चिखलातून शेकडो बोटं वर आलेली असतात. ती मुळं आहेत, आणि ती उलटी, आभाळाकडे वाढलेली आहेत. भरतीला बुडतात, ओहोटीला उघडी पडून श्वास घेतात. ओहोटी नसती तर ते रान टिकलं नसतं.

मनीप्लांट कमळाच्या कुळातला नाही, पण त्याच्याजवळ थोडी लवचीकता आहे. पॅसिफिक महासागरातल्या मोरेआ बेटाचा हा मूळचा रहिवासी, दमट रानात झाडांच्या खोडावर चढणारा. त्याच्या प्रत्येक पेराशी एक तपकिरी टेंगूळ असतं. वडाची पारंबी जशी हवेत जन्मते तसं तिथून हवेत मूळ फुटतं. पेर पाण्यात गेलं की तिथून जी मुळं येतात ती मातीतल्या मुळांसारखी नसतात. त्यांच्या आत हवेच्या पोकळ्या जास्त असतात, अंग नाजूक असतं, बारीक केसांची लव कमी असते. झाड तोच देह नव्या जागेसाठी नव्याने घडवतं. म्हणूनच कुंडीतलं वाढलेलं झाड उपटून, माती धुऊन, थेट पाण्यात ठेवलं की त्याची जुनी मुळं बहुधा कुजतात. ती मातीसाठी घडलेली असतात. ती कुजली म्हणून घाबरायचं नाही, कापून टाकायची, नव्या मुळांची वाट पाहायची. पण ज्याला निवड आहे त्याने फांदीपासूनच सुरुवात करावी. फांदीला पाण्याची सवय पहिल्या मुळापासून लागते. पाण्यातल्या रोपाला पुढे कुंडीत लावायचं असेल तेव्हाही हेच उलट बाजूने लक्षात ठेवावं: मुळं बोटभर असतानाच लावावीत आणि पहिले दहा-बारा दिवस माती चांगली ओलसर ठेवावी.

फांदी कापायची ती पेराच्या खाली अर्ध्या-पाऊण बोटावर, धारदार सुरीने. चिरडलेलं टोक आधी सडतं आणि सडताना पाण्यातला प्राणवायू खातं. एक किंवा दोन पेरं पाण्यात, त्या पेरांवरची पानं काढून टाकलेली. एकही पान पाण्यात बुडता कामा नये. बुडालेलं पान दोन-तीन दिवसांत कुजू लागतं, आणि कुजणं म्हणजे काय, तर जिवाणूंची पंगत; तिला लागणारा प्राणवायू मुळांच्या ताटातला जातो.

भांडं रुंद तोंडाचं घ्यावं. हे मी पुन्हा सांगतो, कारण दुकानांतून मिळणारी शोभेची काचपात्रं नेमकी उलट घडणीची असतात, खाली पोट आणि वर चिमणीएवढा गळा. तसलं पात्र हौसेने आणलंच असेल तर पाणी फक्त पोटाच्या रुंद भागापर्यंत भरावं. तिथे पाण्याचा पृष्ठभाग मोठा मिळतो. काच पारदर्शक असेल तर उजेडाने शेवाळ धरतं. शेवाळ दिवसा प्राणवायू सोडतं हे खरं, पण रात्री तेही श्वास घेतं, आणि मेलेलं शेवाळ तळाशी साचून कुजतं. काचेला बाहेरून तपकिरी कागद गुंडाळला की प्रश्न मिटतो. मला स्वतःला सगळ्यांत आवडतं ते साधं, चकाकी न चढवलेलं, पाझरणारं लहान मडकं. आत उजेड जात नाही, आणि पाझरल्यामुळे माठासारखं पाणी गार राहतं. विदर्भात, मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत पाण्यावर झाड ठेवायचं असेल तर काचेचा नाद सोडून मडकंच घ्यावं. खाली बशी ठेवली की ओटा ओला होत नाही. बाहेरून क्षारांचा पांढरा थर येतो, तो घासला की जातो.

पाणी किती भरायचं हा या सगळ्या विद्येचा गाभा आहे. मुळांचा खालचा निम्मा भाग पाण्यात असावा, वरचा निम्मा दमट हवेत. पाण्याची रेघ आणि भांड्याचं तोंड यांच्यामध्ये जी मोकळी जागा उरते ती वाया गेलेली जागा वाटते. पण झाडाचा श्वास तिथेच चालतो. हवाई विद्यापीठातल्या बर्नार्ड क्रॅटकी यांनी भाजीपाला वाढवायची एक पद्धत बसवली, ती याच एका निरीक्षणावर उभी आहे. पंप नाही, वीज नाही. झाकणबंद टाकीत पोषक पाणी, झाकणाच्या भोकात रोप. रोप पाणी पीत जातं, पातळी खाली जाते, आणि उघडी पडलेली वरची मुळं झाकणाखालच्या दमट हवेत श्वासासाठी सरावतात. खालची मुळं पाणी पितात, वरची हवा घेतात. त्या पद्धतीत चुकून कोणी टाकी पुन्हा काठोकाठ भरली तर रोप कोमेजतं, कारण हवेसाठी घडलेली मुळं अचानक बुडतात. आपल्या खिडकीतल्या बाटलीलाही हाच नियम लागू. म्हणून काचेवर एक रेघ मारून ठेवावी आणि दर वेळी पाणी त्याच रेघेपर्यंत भरावं, एक बोटही वर नाही. आठवडाभरात पाणी दोन-तीन बोटं उतरलं तर उतरू द्यावं. ती बाटलीतली ओहोटी आहे, खाडीतल्या तिवराला मिळते तशी.

दर आठवड्याला पाणी पूर्ण बदलावं, कडक उन्हाळ्यात चार दिवसांनी. नुसती भर घालून चालत नाही. भर घातल्याने पाणी वाढतं, ताजं होत नाही. नळाचं पाणी उघड्या पातेल्यात रात्रभर ठेवलं की त्यातलं क्लोरीन बरंचसं उडून जातं. ओतताना धार थोडी उंचावरून धरावी, खळखळ होऊ द्यावी. पडताना पाणी हवा ओढून घेतं. उकळून गार केलेलं पाणी आपल्याला उत्तम, झाडाला नाही, कारण उकळताना त्यातली विरघळलेली हवा निघून जाते. तेच वापरायचं असेल तर या भांड्यातून त्या भांड्यात चार वेळा ओतून घ्यावं. बदलताना मुळं वाहत्या पाण्याखाली हलक्या हाताने धुवावीत, बुळबुळ काढावी, काळं मऊ पडलेलं मूळ कापून टाकावं. रंगापेक्षा स्पर्शावर विश्वास ठेवावा: जुनी निरोगी मुळं कधी कधी तपकिरी असतात, पण बोटांना ताठ लागतात. वासही कळतो. निरोगी भांड्याला पहिल्या पावसाचा नसला तरी स्वच्छ ओला वास असतो. श्वास कोंडलेल्या भांड्याला सडक्या अंड्याचा.

या साप्ताहिक बदलाचं दुसरंही एक कारण आहे, आणि ते झाडापेक्षा मोठं आहे. डेंग्यूचा एडिस डास अशाच स्वच्छ, साठलेल्या पाण्यात वाढतो. आपल्या आरोग्य खात्याचे लोक आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा असं सांगत दारोदार फिरतात, आणि मुंबई-पुण्यात मनीप्लांटच्या बाटल्या उचलून पाहतात, ते योग्यच करतात. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्याचा नेम. पण नुसतं पाणी ओतून दिलं तर अर्धंच काम होतं. ही अंडी पाण्याच्या रेघेच्या किंचित वर, भांड्याच्या आतल्या अंगाला चिकटलेली असतात आणि कोरड्यात महिनोन् महिने जिवंत राहतात. भांडं आतून घासणीने घासलंच पाहिजे. तोंडाशी मोकळ्या राहिलेल्या जागेवर मच्छरदाणीचं कापड बांधलं तर हवा जाते, डास जात नाही. ज्याला हा आठवड्याचा नेम जमणार नाही त्याने पाण्यावर झाड ठेवूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

राहिला खाण्याचा प्रश्न. इथे मला एक जुनी गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण तिच्यात हवेचं विस्मरण फार मोठ्या माणसाच्या हातून झालं आहे. ब्रसेल्सच्या यान बाप्तिस्ता वान हेल्मोंट याने २०० पौंड कोरडी माती तोलून कुंडीत भरली, ५ पौंडांचं विलोचं, म्हणजे आपल्या वाळुंजाच्या जातीचं, रोप लावलं आणि ५ वर्षं फक्त पाणी घातलं. झाड १६९ पौंडांवर गेलं. माती पुन्हा वाळवून तोलली तर जेमतेम २ औंस कमी भरली. त्याने निष्कर्ष काढला की झाड निव्वळ पाण्याचं झालं. त्याच्या मृत्यूनंतर १६४८ साली हे छापून आलं. प्रयोग चोख होता, तोलणं प्रामाणिक होतं. मोजायची राहिली ती हवा. लाकडाचा मोठा भाग पानांनी हवेतून ओढलेल्या कर्बवायूचा असतो. आणि मन हेलावतं ते यामुळे, की ‘गॅस’ हा शब्द जगाला देणारा माणूस हाच. जळत्या कोळशातून निघणाऱ्या त्याच वायूला त्याने नाव दिलं, आणि तो वायू आपल्या कुंडीतल्या झाडात शिरतो आहे हे त्याला दिसलं नाही.

ते दोन औंससुद्धा क्षुल्लक नव्हते. १६९९ साली लंडनच्या जॉन वुडवर्ड याने पुदिन्याच्या काड्या वेगवेगळ्या पाण्यांत वाढवल्या: पावसाचं, थेम्स नदीचं, बागेची माती कालवलेलं. पाणी जितकं शुद्ध तितकी वाढ कमी, असं त्याला आढळलं. मंडईतून आणलेल्या पुदिन्याच्या जुडीतल्या चार काड्या तुम्ही आजही पेल्यात ठेवून हे पाहू शकता. आरओच्या पाण्यात त्या नळाच्या पाण्याहून हळू वाढतात. पुढे १८६०च्या सुमारास जर्मनीत युलियुस झाक्स आणि विल्हेल्म क्नोप यांनी नेमके कोणते क्षार पाण्यात घातले की झाड मातीवाचून पूर्ण वाढतं ते ठरवलं, आणि १९३७ साली कॅलिफोर्नियातल्या विल्यम गेरिकीने या शेतीला हायड्रोपोनिक्स हे नाव रूढ केलं.

घरासाठी इतकं खोल जायला नको. पहिले दोन महिने फांदी आपल्याजवळच्या शिदोरीवर जगते, तिला खत देऊच नये. मग महिन्यातून दोनदा, कृषी सेवा केंद्रात मिळणारं एकोणीस-एकोणीस-एकोणीस लिटरला पाव ग्रॅम, म्हणजे चिमटीएवढं. त्यातलं निम्म्याहून अधिक नत्र युरियाच्या रूपात असतं; ते झाडाच्या उपयोगी पडावं असं रूप देणारे जिवाणू मातीत भरपूर, बाटलीत थोडे, म्हणून जास्त घालून फायदा नाही. पानांची टोकं करपली की खत थांबवून साध्या पाण्यावर यावं. लकी बँबू म्हणून विकतात ते बांबू नसून ड्रॅसिना आहे. पाण्यातल्या फ्लोराइडने त्याची टोकं करपतात, आणि यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या भागांत जिथे बोअरच्या पाण्यात फ्लोराइड आहे तिथे त्याला पावसाचं साठवलेलं पाणी द्यावं.

एक गोष्ट मात्र आवर्जून टाळावी. तांदळाचं धुवण, ताक, साखरपाणी, जीवामृत, चहाचा चोथा, जे जे कुंडीत अमृत ठरतं ते बाटलीत घालू नये. मातीत या गोष्टी जिवाणू खातात, आणि त्यांना लागणारा प्राणवायू मातीच्या पोकळ्यांतून सतत येत राहतो. बाटलीत लिटरमागे आठ मिलिग्रॅमची पुंजी. चमचाभर धुवणावर जिवाणू तुटून पडले की ती पुंजी काही तासांत संपते. प्रेमाने घातलेल्या या घासाने जितकी झाडं मेली तितकी दुर्लक्षाने मेली नसतील, असं मला वाटतं.

कोणती झाडं घ्यावीत? मनीप्लांट, सिंगोनियम, फिलोडेंड्रॉन, स्पायडर प्लांट, कोलियस, ट्रेडेस्कँशिया, आणि पेल्याच्या तोंडावर काड्यांनी अडकवलेलं रताळं, जे लहानपणी सगळ्यांनीच केलेलं असतं. कोरफड आणि निवडुंग नकोत. त्यांनी पाणी अंगात साठवायचं ठरवलेलं आहे, बाहेरच्या पाण्यात ती सडतात. पूर्वेची खिडकी उत्तम. कडक ऊन भांड्यावर येऊ देऊ नये, पाणी तापतं आणि हवा सोडून देतं.

हे वाचून झाल्यावर घरातली बाटली एकदा उजेडात धरा. पाणी गळ्यापर्यंत असेल तर आजच निम्मं ओतून द्या, आणि वरच्या मुळांना उघडं राहू द्या. पहिले दोन दिवस पानं जरा उतरलेली दिसतील. तेव्हा तांब्या उचलू नका.